हरकत घ्यायची तर आधी बाँड भरा: सरकारी कंत्राटाच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्यांचे अनुभव

रानवाट

मंडळी, बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, पण धीर होत नव्हता.

फ्लोरिडात आमची छोटी कंपनी आहे. जुने कागद स्कॅन करायचे, त्यांची सूची लावून द्यायची, हे काम. आम्ही दोघी भागीदार आणि अकरा माणसं. गेल्या वर्षी राज्य सरकारच्या एका खात्याचं टेंडर भरलं. पाच वर्षांचं काम, आमचा दर १८ लाख डॉलर. निकाल लागला आणि काम दुसऱ्यांना गेलं. एवढ्यानं वाईट वाटलं नसतं, टेंडरं भरणाऱ्याला हरायची सवय असतेच. पण गुणपत्रकं मागवून पाहिली, तर दराचे गुण टेंडरमध्ये छापलेल्या सूत्राने काढलेलेच नव्हते. तेच आकडे छापलेल्या सूत्रात घालून आम्ही तीनदा मांडले. तिन्ही वेळा आमचा नंबर पहिला.

इथल्या कायद्याप्रमाणे निकाल जाहीर झाल्यापासून ७२ तासांत 'आम्ही हरकत घेणार आहोत' अशी नोटीस द्यावी लागते. ती दिली. त्यानंतर १० दिवसांत सविस्तर लेखी हरकत आणि तिच्यासोबत कंत्राटाच्या अंदाजी रकमेच्या १ टक्क्याचा बाँड, म्हणजे तेवढ्या पैशांची हमी. म्हणजे आमच्यासाठी १८,००० डॉलर. बाँड देणाऱ्या कंपनीकडे गेलो, तर तिने पूर्ण रकमेएवढं तारण मागितलं. मग बाँडचा उपयोग काय? बँकेचा चेकही चालतो म्हणाले, पण तो ज्या खात्यातून काढायचा त्याच खात्यातून माणसांचे पगार जायचे होते.

नवव्या दिवशी रात्री साडेअकराला आम्ही दोघींनी ठरवलं, सोडून देऊ. चूक आमची नव्हती आणि ती आमच्याकडे कागदावर होती. तरी सोडलं.

मला विचारायचंय ते हे. सरकारी निर्णय चुकला असं दाखवून द्यायला आधी पैसे ठेवावे लागणं योग्य आहे का? आणि बाकी ठिकाणी काय पद्धत आहे? या क्षेत्रातले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारते.

पाणपोई

फार वाईट झालं. एक अगदी प्राथमिक प्रश्न. टेंडर भरताना बाँड देतात तो वेगळा आणि हा वेगळा ना? की त्यातूनच कापून घेतात?

कलमदान

पाणपोई, वेगळे. टेंडरसोबत देतात तो 'बिड बाँड', आपल्याकडच्या बयाणा रकमेसारखा. काम मिळाल्यावर पळून जाणार नाही याची हमी. काम मिळालं की 'परफॉर्मन्स बाँड', म्हणजे काम पुरं करण्याची हमी. मजुरांचे आणि माल पुरवणाऱ्यांचे पैसे बुडणार नाहीत यासाठी आणखी एक. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बांधकामांना हे शेवटचे दोन १९३५ च्या मिलर कायद्यापासून आहेत. हरकतीचा बाँड या सगळ्यांच्या पलीकडचा. तो काम करणाऱ्याकडून नव्हे, तक्रार करणाऱ्याकडून घेतात.

रानवाट, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला २२ वर्षं बसलोय, एका काउंटीच्या खरेदी विभागात. निवृत्त झालो म्हणून मोकळेपणाने लिहितो. हरकत आली की काम थांबतं. थांबलेल्या कामाची किंमत कोणीतरी मोजतच असतं, फक्त ती माणसं सुनावणीला नसतात. एकदा डायलिसिसच्या रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या गाड्यांचं कंत्राट होतं. जुन्या कंत्राटदाराच्या गाड्या जुनाट, लिफ्ट बंद पडायच्या, लोकांच्या तक्रारींचा ढीग. नवीन टेंडरमध्ये तो हरला आणि त्याने हरकत घेतली. मुद्दे अकरा, एकातही दम नाही. पण निकाल लागेपर्यंत सात महिने त्याच्याच गाड्या चालल्या आणि बिलंही त्याचीच निघाली. व्हीलचेअरवरच्या एका आजींना वरून कोसळणाऱ्या पावसात चाळीस मिनिटं बंद लिफ्टपाशी बसावं लागलं. ते मी विसरलेलो नाही. तेव्हा आमच्याकडे बाँडची अट नव्हती. असती तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं.

भिंगरी

कलमदान काका, तुमचं दुःख समजलं. पण त्या कंत्राटदाराला सात महिन्यांची बिलं मिळत होती. १ टक्का बाँडने तो थांबला असता का?

कलमदान

प्रामाणिक उत्तर: कदाचित नसता थांबला.

उंबरठा

मी याच विषयात वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. रानवाट, पहिली गोष्ट तुमच्यासाठी, आणि ती वाचून वाईट वाटेल हे मला माहीत आहे.

फ्लोरिडातला तो १ टक्का म्हणजे दंड नव्हे. कलम २८७.०४२ नीट वाचा. हरलात तर तुमच्याविरुद्ध जे 'खर्च आणि आकार' ठरवले जातील ते भरण्याची हमी, एवढीच त्या बाँडची अट आहे. त्या खर्चात वकिलांची फी धरायची नाही हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे सुनावणीचे प्रत्यक्ष खर्च, शब्दशः नोंद, साक्षीदारांचा भत्ता, असलं काही. १८,००० च्या बाँडमधून खात्याला जे मिळालं असतं ते त्याच्या कितीतरी आत राहिलं असतं, उरलेले पैसे परत आले असते. आणि जिंकला असतात, तर तेच खर्च खात्याकडून तुम्हाला मिळाले असते, पुन्हा वकिलाची फी सोडून.

आणखी एक. हरकत वेळेत दाखल झाली की निवडीची प्रक्रिया तिथेच थांबते. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा कल्याण यांना तात्काळ आणि गंभीर धोका आहे असं खातेप्रमुखाने वस्तुस्थितीसह लेखी दिलं तरच पुढे जाता येतं. प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशाकडे जातं, सुनावणी हरकत मिळाल्यापासून ३० दिवसांत घ्यायची असते. म्हणजे तुमचे पैसे वर्षानुवर्षं अडकले असते असंही नाही.

हे तुम्हाला त्या १० दिवसांत कोणी सांगायला हवं होतं.

रानवाट

ताई, मी हे दोनदा वाचलं आणि मग भागीदारणीला फोन केला.

आम्ही धरून चाललो होतो की हरलो तर १८,००० गेले. आम्हाला ज्या ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला तेही तसंच म्हणाले, 'बाँड जप्त होतो'. कायदा उघडून पाहायचं सुचलं नाही. दिवसभर कामं, संध्याकाळी आकडेमोड, रात्री ईमेल. कलम शोधून वाचणं हे वकिलाचं काम वाटलं, आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते.

पण तरी ते पैसे तेव्हा आमच्याकडे नव्हतेच, हेही खरं. परत मिळणारे असले तरी आज ठेवायला लागतात ना.

उंबरठा

हो. तो मुद्दा उरतोच, आणि तो लहान नाही.

चंद्रमौळी

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कंत्राटांबद्दल मी सांगतो, कारण माझं सगळं आयुष्य तिकडेच गेलं.

वॉशिंग्टनमध्ये सरकारी खर्चावर नजर ठेवणारं गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस आहे, सगळे जीएओ म्हणतात. तिथे हरकत घ्यायला बाँड लागत नाही. १९८४ च्या स्पर्धात्मक कंत्राट कायद्याने या प्रक्रियेला आजचं रूप आलं. ठरावीक मुदतीत हरकत गेली की काम आपोआप थांबतं आणि १०० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. फी लागते. २०१८ मध्ये ऑनलाइन दाखल करायची पद्धत आली तेव्हा ती ३५० डॉलर होती. शंभर कोटींच्या कंत्राटालाही तेवढीच आणि पन्नास हजारांच्यालाही तेवढीच.

आता बाँड नाही म्हणजे हरकतींचा पूर आला असेल असं कुणालाही वाटेल. रँड या संशोधन संस्थेने संरक्षण खात्याच्या हरकतींचा अभ्यास केला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण कंत्राटांपैकी ०.३ टक्क्यांपेक्षाही कमी कंत्राटांवर हरकत आली होती. हजारात तीनसुद्धा नाहीत. जीएओकडे २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे १,८०० प्रकरणं आली. गुणवत्तेवर निकाल लागलेल्यांपैकी १६ टक्के मान्य झाली. पण खरा आकडा पुढचा. ५२ टक्के प्रकरणांत हरकत घेणाऱ्याला काही ना काही मिळालं, कारण बऱ्याच वेळा खातं स्वतःच चूक ओळखून निकालाआधी दुरुस्ती करतं.

अर्ध्याहून जास्त! कागदावर तक्रार आली म्हणून कुणीतरी फाइल पुन्हा उघडली आणि चूक सापडली. रानवाट, तुमच्या प्रकरणातही बेरीजच चुकली होती ना? ती सुधारायला न्यायाधीशही लागला नसता.

कलमदान

चंद्रमौळी, आकडे मान्य. पण संरक्षण खात्याचीच ओरड इतकी होती की अमेरिकी संसदेने २०१८ च्या संरक्षण कायद्यात प्रयोग घातला होता, तोही सांगा.

चंद्रमौळी

सांगतो. कलम ८२७. वर्षाला २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त महसूल असलेल्या कंत्राटदारांनी हरकत घेतली आणि ती फेटाळली गेली, तर खात्याला झालेला खर्च त्यांनी भरायचा. तीन वर्षांचा पथदर्शी प्रयोग. पण त्यातून हाती काही लागायच्या आधीच, २०२१ च्या संरक्षण कायद्याने तो रद्द झाला.

माझ्या मते मात्र त्यात एक गोष्ट चांगली होती: भार मोठ्यांवर टाकला होता. आधी पैसे मागितले नव्हते, नंतर मागितले होते. आणि लहान कंपन्यांना त्यातून पूर्ण वगळलं होतं.

भिंगरी

मोठे आणि लहान यावरून आठवलं. मी नेवाडात असते, इथलं गणित मांडून दाखवते.

इथे स्थानिक संस्थांच्या कंत्राटांत (कलम ३३२.०६८) हरकत घेणाऱ्याकडून बाँड मागता येतो. किती? त्याने स्वतः भरलेल्या बोलीच्या २५ टक्के, किंवा २,५०,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. वाचताना वाटतं, वा, वर मर्यादा घातलीय, किती विचार केलाय. आता पाहा.

बोली ४ लाखांची असेल तर बाँड १ लाख, म्हणजे २५ टक्के. बोली १० लाखांची असेल तर २.५ लाख, म्हणजे २५ टक्केच. बोली ५ कोटींची असेल तरी २.५ लाख. म्हणजे अर्धा टक्का.

१० लाखांच्या पुढे बोली जितकी वाढेल तितका टक्का उतरत जातो. ५ कोटींचं काम करणाऱ्या कंपनीला अर्धा टक्का आणि ४ लाखांचं काम करणाऱ्याला पंचवीस! मर्यादा घालणाऱ्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण तिचा फायदा नेमका ज्याला गरज नाही त्यालाच होतो. माझा नवरा सिंचनाच्या पाइपांची कामं घेतो. त्याच्या कामाच्या चौथा हिस्सा एवढी रक्कम रोख ठेवायची म्हणजे दुकानाला कुलूपच.

हरला तर सगळी रक्कम जात नाही, हे इथेही आहे. संस्थेला हरकतीमुळे झालेला खर्च ती बाँडमधून मागू शकते, बाकीचं परत. पण रानवाट म्हणाल्या तसं, आज ठेवायला तर लागतात.

पाणपोई

भिंगरी, हे गणित मी एकाला दाखवलं, तो आधी मानायलाच तयार नव्हता. कागदावर मांडून घेतल्यावर गप्प बसला.

उंबरठा

भिंगरीने फार महत्त्वाचं दाखवलं. लोक बाँडबद्दल बोलताना रक्कम किती एवढंच विचारतात. मी पक्षकारांना तीन गोष्टी विचारायला सांगते. रकमेचं गणित कशावर आहे? ती जाते केव्हा? आणि ती किती दिवस अडकते? यांतली दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

टेनेसीत बाँड ५ टक्के आहे, सर्वांत कमी ठरलेल्या दराच्या. फ्लोरिडाच्या पाचपट. ऐकूनच धडकी भरते. पण तिथे तो कधी जातो? हरकत वाईट हेतूने घेतली असेल, किंवा वरवर पाहताच तिला काही आधार नसेल, किंवा नीट चौकशी न करता सही ठोकली असेल, तर. निव्वळ हरलात म्हणून नाही. शिवाय १० लाखांच्या आतल्या कामांत लहान उद्योग, स्त्रियांचे आणि अल्पसंख्याकांचे उद्योग बाँडमधून सूट मागू शकतात.

उलट हवाई. २०१२ मध्ये तिथे जो बाँड आला तो दिसायला अगदी सौम्य: ५ लाखांच्या आतल्या कामाला १,००० डॉलर, १० लाखांपर्यंत २,०००, त्यापुढे अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त १०,०००. पण त्या कायद्यात अट होती की जिंकलात तर परत, हरलात तर सरळ राज्याच्या तिजोरीत जमा. खर्च किती झाला याचा प्रश्नच नाही. तुमचा मुद्दा रास्त होता, पण न्यायाधीशाला पटला नाही, एवढ्यावर पैसे गेले.

मला विचाराल तर टेनेसीची ५ टक्क्यांची पद्धत हवाईच्या १,००० डॉलरपेक्षा जास्त न्याय्य आहे. रक्कम मोठी असूनही.

फ्लोरिडातही सगळीकडे सारखं नाही बरं. शिक्षण मंडळं आणि कॉलेजं यांच्यासाठी वेगळं कलम आहे, २५५.०५१६. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला २५,००० डॉलर किंवा स्वीकारलेल्या सर्वांत कमी बोलीच्या २ टक्के, यांतलं जे जास्त. आणि तिथे हरणाऱ्यावर वकिलांची फीसुद्धा पडते. एकाच राज्यात, दोन शेजारच्या इमारतींत, दोन वेगळे हिशेब. म्हणून टेंडरचं पहिलं पान वाचतानाच पाहायचं की समोरची संस्था कुठल्या कलमाखाली येते.

कलमदान

उंबरठाताई, टेनेसीची अट मला आवडली. पण 'वाईट हेतू' सिद्ध करणं किती कठीण असतं ते मी पाहिलंय. त्या गाड्यांवाल्याने शेवटपर्यंत सांगितलं, मी प्रामाणिकपणे हरकत घेतली. त्याच्या मनात शिरून कोण पाहणार?

उंबरठा

मन पाहायला नको, कागद पाहायचा. अकरा मुद्द्यांपैकी किती मुद्द्यांना टेंडरच्या कलमाचा आधार दिला होता? पुरावा काय जोडला होता? 'वरवर पाहताच आधार नाही' ही कसोटी त्यासाठीच आहे. शिवाय चुकीच्या हेतूने कागद दाखल केले, नुसता वेळ काढायला, तर वकिलाच्या फीसकट खर्च लादायची तरतूद फ्लोरिडाच्या प्रशासकीय कायद्यात बाँडशिवायही आहे. खोडसाळ माणसाला शिक्षा द्यायला हत्यार आहेच. ते वापरायला कष्ट पडतात, म्हणून सगळ्यांकडूनच आधी पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही.

तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, काका. जुन्या कंत्राटदाराला थांबलेल्या काळात पैसे मिळतात हा. त्यावर बाँड हा इलाज नाही. त्या काळातलं काम तिसऱ्याकडून करून घेणं, नाहीतर जुन्याच दराने पण कडक अटींवर करून घेणं, आणि सुनावणी लवकर उरकणं हे इलाज.

कलमदान

यावर विचार करतो. लिफ्ट दुरुस्तीची अट मुदतवाढीच्या पत्रात घालता आली असती. आम्ही तेव्हा जुनंच पत्र तारीख बदलून पाठवलं होतं.

चंद्रमौळी

युरोपातलं एक प्रकरण इथे सांगायलाच हवं, कारण आपण जे बोलतोय त्यावरच तिथे भांडण झालं.

रुमानियात हरकत घेणाऱ्याने 'सद्वर्तनाची हमी' द्यायची असा नियम होता. कंत्राटाच्या अंदाजी किमतीच्या १ टक्का. माल आणि सेवांसाठी जास्तीत जास्त २५,००० युरो, बांधकामासाठी १,००,००० युरो. आणि हरकत फेटाळली की ती रक्कम खात्याची. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रक्कम ठेवून घेण्याचा भाग रद्द केला, पण हमी द्यावी लागण्याचा भाग राहू दिला. मग प्रश्न लक्झेंबर्गला युरोपीय न्यायालयात गेला, स्टार स्टोरेज प्रकरण. सप्टेंबर २०१६ चा निकाल. न्यायालय म्हणालं, निकाल काहीही लागो, हमी परत मिळणार असेल तर अशी अट चालेल.

म्हणजे ठेव ठेवा म्हणणं वेगळं आणि ती खाऊन टाकणं वेगळं. त्याच्या आदल्या वर्षी इटलीतल्या कोर्ट-फीचं प्रकरणही त्याच न्यायालयात होतं. कामाच्या किमतीप्रमाणे २,००० ते ६,००० युरो फी. ती कामाच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे दाद मागणं फार कठीण होत नाही, असं म्हणून चालू दिली.

पाणपोई

आणि भारतात? तिथे तर कोणी बाँड मागत नाही ना? थेट हायकोर्टात रिट करतात.

उंबरठा

बाँडचा सर्वसाधारण नियम नाही, पण विचार आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्या प्रकरणातूनच आलाय. खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राचं काम, राज्य वीज मंडळाचं टेंडर. रौनक इंटरनॅशनल विरुद्ध आयव्हीआर कन्स्ट्रक्शन. हरलेला निविदाकार कोर्टात गेला, कामाला स्थगिती मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९८ मध्ये निकाल दिला, न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी लिहिलेला. त्यात म्हटलंय की सार्वजनिक कामाला स्थगिती मागणाऱ्याला तिच्या परिणामांची जबाबदारी घ्यायला लावली पाहिजे. योग्य प्रकरणांत, उशिरामुळे खर्च वाढला किंवा समोरच्याचं नुकसान झालं तर ते भरून देण्यासाठी त्याच्याकडून तारण घ्यावं.

फरक लक्षात घ्या. तक्रार करायला तारण नाही, काम थांबवायला तारण. आणि तेही न्यायाधीशाने प्रकरण बघून ठरवायचं, सगळ्यांना एकच टक्का नाही. गेली पंचवीस वर्षं मी हा विषय हाताळतेय, यापेक्षा नेमकी मांडणी मला कुठे सापडली नाही.

राजस्थानने मात्र २०१२ च्या खरेदी कायद्यात स्वतंत्र अपिलाची सोय केली. पहिल्या अपिलाला २,५०० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये फी, परत न मिळणारी. छोट्या पुरवठादाराला हायकोर्टाच्या वकिलापेक्षा ते कितीतरी परवडतं. महाराष्ट्रात असा कायदा अजून नाही, आणि तो हवा असं मी जिथे जाईन तिथे सांगते.

भिंगरी

तक्रार करायला नाही, थांबवायला तारण. हे मला आज नवीन कळलं. मग रानवाटसारख्यांनी 'काम थांबवू नका, फक्त गुणांची बेरीज तपासा' असं म्हटलं तर?

उंबरठा

फ्लोरिडात तसा पर्याय कायद्यात नाही. हरकत आली की थांबणं आपोआप येतं, आणि त्याबरोबर बाँडही. पण नुसतं पत्र लिहून चूक दाखवायला कोणाची बंदी नाही. फक्त त्या पत्राने ७२ तासांचं आणि १० दिवसांचं घड्याळ थांबत नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. खरेदी अधिकारी गोड बोलतो, 'बघतो आम्ही', आणि तेवढ्यात मुदत जाते. मुदत गेली किंवा बाँड वेळेत गेला नाही, की हक्क सोडला असं धरतात.

रानवाट

आमच्याशीही गोडच बोलले होते. 'तुमचा मुद्दा आम्ही वर कळवलाय.' तो कुठे वर गेला ते आजपर्यंत कळलं नाही.

सगळ्यांचं वाचून मी काय करणार ते लिहिते. पहिलं, आमच्या कंपनीत एक वही केलीय. टेंडर भरायचं ठरलं की पहिल्याच दिवशी त्यात लिहायचं: कुठलं कलम लागू, बाँड किती, कशावर मोजलेला, कुठल्या अटीवर जातो, चेक चालतो का. निकालानंतरच्या दहा दिवसांत हे शोधत बसायचं नाही. दुसरं, टेंडर भरतानाच बँकेत तेवढ्या रकमेची उचल मंजूर करून ठेवायची. वापरली नाही तर व्याज नाही. बँकेतल्या बाईंशी काल बोलले, १५,००० पर्यंत तयार आहेत.

तिसरं, आमच्या भागातल्या राज्य प्रतिनिधीला पत्र लिहितेय. फ्लोरिडाचा १ टक्का मला अन्यायाचा वाटत नाही आता, ताईंनी सांगितल्यापासून. पण टेनेसीसारखी सूट इथे का नाही? अकरा माणसांच्या कंपनीला ठेव ठेवण्याऐवजी प्रतिज्ञापत्र देता आलं असतं, तर आम्ही ती हरकत नक्की घेतली असती. आणि निकालाच्या नोटिशीवर 'बाँड दिला नाही तर हक्क जाईल' एवढंच छापतात. त्याखाली 'हरलात तर फक्त ठरवलेले खर्च जातील, वकिलाची फी नाही' ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? ती एक ओळ त्या रात्री आमच्यासमोर असती तर.

कलमदान काका, पत्राचा मसुदा तुम्हाला पाठवू का? टेबलाच्या त्या बाजूने वाचून कुठे खटकतं ते सांगा.

कलमदान

जरूर पाठवा. आणि एक सुचवतो. ती ओळ छापण्याची मागणी सगळ्यांत वर घ्या. कायदा बदलायला वर्षं जातात, नोटिशीचा नमुना खात्याला तुलनेने लवकर बदलता येतो. मी माझ्या काळात दोनदा बदलला होता.

पाणपोई

माझ्या भाच्याने परवाच फ्लोरिडात एका खात्याचं टेंडर भरलंय, निकाल बहुतेक शुक्रवारी. त्याला हा धागा पाठवतेय. ७२ तास म्हणजे शुक्रवार ते सोमवार का?

उंबरठा

नाही, ७२ तासांत शनिवार, रविवार आणि राज्याची सुट्टी धरत नाहीत. शुक्रवारी दुपारी दोनला निकाल लागला, तर बुधवारी दुपारी दोनपर्यंत. पण नंतरचे १० दिवस मात्र सरळ कॅलेंडरचे, आणि ते त्याने नोटीस दिली त्या तारखेपासून मोजायचे. त्याला सांगा, टेंडरच्या अटींवरच आक्षेप असेल तर त्याचे ७२ तास टेंडर जाहीर झालं तेव्हाच सुरू झाले होते, ते आता गेले. निकालावरचा हक्क शाबूत आहे. आणि नोटीस नुसती ईमेलने चालते की आणखी कुठे द्यायची ते टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, ते आजच बघून ठेवायला सांगा.